किनाऱ्यावर नवे आहात? ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळाआधी हवामानाचा अंदाज असा वाचा

नवरात्र सरलं, परतीचा पाऊस दोन-चार दुपारी गडगडून गेला, की कोकणात नव्याने राहायला आलेली माणसं छत्र्या माळ्यावर टाकतात. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतली मंडळी, शहर सोडून गावच्या घरी परतलेली जोडपी, समुद्राकाठी नुकत्याच खोल्या भाड्याने द्यायला लागलेली तरुण मुलं. सगळ्यांची समजूत एकच, की वादळं मे-जूनमधली, आता थेट पुढच्या वर्षी. मग ऑक्टोबरच्या शेवटी कधीतरी मोबाइलवर एक नकाशा येतो. गोव्याच्या पश्चिमेला लाल भोवरा आणि खाली ‘पुढचे ४८ तास धोक्याचे’. तिथून धावपळ सुरू होते, आणि पहिला प्रश्न हमखास तोच: वादळ आपल्याकडे येणार का?

या प्रश्नाने काही हाती लागत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमधलं ‘क्यार’ घ्या. रत्नागिरीच्या पश्चिमेला खोल समुद्रात ते वाढलं, पुढे महाचक्रीवादळ झालं आणि ओमानच्या दिशेने निघून गेलं. कोकणात ते ‘आलंच’ नाही. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी आत शिरलं आणि कापणीला आलेलं भात आडवं झालं. तेव्हा विचारायचं ते असं: माझ्या किनाऱ्यावर वारा किती आणि कुठून, पाऊस किती, आणि त्या वेळी भरती कोणती? अंदाजात या सगळ्याची उत्तरं असतात. कुठे शोधायची ते माहीत हवं, एवढंच.

आधी मोसम ओळखा

अरबी समुद्रात वादळांचे मोसम दोन: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात चक्रीवादळं कमी होतात. तेव्हा खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर उंचावर पूर्वेकडून येणारा जोराचा वारा, अशी ओढाताण असते. त्यात भोवऱ्याचा खांब सरळ उभा राहत नाही, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे ओढला जातो. मोसमी वारे मागे फिरले की ही ओढाताण सैल होते. समुद्र तर गरम असतोच. वादळाला साधारण साडेसव्वीस अंश तापमानाचं पाणी लागतं, आणि ऑक्टोबरात आपला समुद्र त्याहून गरम असतो.

सरासरी तारखा अशा: मोसमी पाऊस राजस्थानच्या पश्चिमेकडून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घ्यायला लागतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून निघालेला असतो. म्हणजे दसरा-दिवाळीचे दिवस हे वादळाच्या दृष्टीने मोकळे नव्हेत, उलट मोसमाची सुरुवात. मासेमारीची बंदीही ३१ जुलैला उठलेली असते, त्यामुळे समुद्रात होड्या भरपूर. भात शेतात उभं किंवा कापून पसरलेलं. दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर पर्यटक. नुकसान व्हायला याहून सोयीचा काळ सापडायचा नाही.

अंदाज कुठला घ्यायचा

भारतीय हवामान विभागाचा. खासगी अॅपमधले रंगीत नकाशे बघायला हरकत नाही, पण त्यांत बहुतेकदा एकाच संगणकी प्रारूपाचं चित्र असतं, आणि दहा दिवसांपुढचं चित्र दर बारा तासांनी बदलतं. ते पाहून बुकिंग रद्द करणारे मी पाहिलेत, आणि तेच पाहून बिनधास्त राहिलेलेही.

हवामान विभागाचे तीन थर लक्षात ठेवा. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यात अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का, याचा अंदाज असतो. दुसरा थर रोजच्या पत्रकाचा. समुद्रात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, तयार होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त, ते दिवसागणिक दिलेलं असतं. तिसरा थर वादळ झाल्यावरचा. चक्रीवादळ जाहीर झालं की दर तीन तासांनी पत्रक निघतं. मूळ पत्रकं दिल्लीहून निघतात. आपल्या जिल्ह्यांचे इशारे मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतात आणि मराठीतही मिळतात.

पत्रक वाचताना आधी वेळ बघा. कित्येक पत्रकांत जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. गटागटांतून फिरत आलेला कालचा नकाशा आजचा म्हणून वाचला जातो तो इथेच चुकून. आणि एकच पत्रक वाचून थांबू नका. लागोपाठची दोन-तीन समोर ठेवा. वादळाची जागा उत्तरेला सरकतेय का, किनाऱ्याजवळ येतेय का, वेळ अलीकडे आली का? अंदाजाचा कल हा अंदाजाइतकाच बोलका असतो.

शब्दांची उतरंड

बातम्यांत सगळ्यालाच वादळ म्हणतात. पत्रकात मात्र प्रत्येक शब्दामागे वाऱ्याचा वेग ठरलेला आहे. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे ताशी ३१ किलोमीटरहून कमी वारा. त्यावर डिप्रेशन, पन्नाशीपर्यंत. मग डीप डिप्रेशन, साधारण ६१ पर्यंत. ६२ ला चक्रीवादळ होतं आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ पासून तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र. त्याच्याही वर पायऱ्या आहेत आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. समुद्राच्या पत्रकात वेग नॉटमध्ये आला तर त्याची दुप्पट करून थोडं कमी करा. १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर.

हा वेग सलग तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो. त्यापुढे ‘झोतांचा वेग’ म्हणून वेगळा, मोठा आकडा येतो. पत्रे उडतात आणि माड मोडतात ते झोतांनी. घराची काळजी असेल तर दुसरा आकडा वाचा.

नाव मिळेपर्यंत थांबू नका, हेही इथेच सांगतो. २००९ च्या नोव्हेंबरातलं ‘फयान’ ९ तारखेला लक्षद्वीपच्या बाजूला डिप्रेशन होतं, आणि ११ ला दुपारनंतर ते अलिबाग-मुंबईच्या मधून किनारा ओलांडून गेलं. नाव मिळणं आणि किनारा गाठणं यात जेमतेम दिवसभराचं अंतर. समुद्रात गेलेले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. कोकणात जुनी माणसं अजून ‘फयानच्या साली’ असा हिशेब सांगतात. आपला किनारा उत्तर-दक्षिण आणि वादळाची वाट बऱ्याचदा त्याला समांतर असते. त्यामुळे दिशा थोडी जरी उजवीकडे वळली तरी हाती उरणारा वेळ झपाट्याने घटतो.

नावांबद्दल नवख्यांना फार कुतूहल असतं म्हणून थोडक्यात: या भागातले १३ देश प्रत्येकी १३ नावं देतात, अशी १६९ नावांची यादी २०२० मध्ये निघाली. नावावरून जोर कळत नाही.

इशाऱ्यांचे टप्पे आणि रंग

वादळाचा इशारा चार टप्प्यांत येतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा, आणि किनारा ओलांडण्याच्या १२ तास आधी आतल्या जिल्ह्यांसाठी पुढचा अंदाज. चौथ्याकडे किनाऱ्यावरची माणसं लक्ष देत नाहीत, पण घाटाखालच्या गावांसाठी कामाचा तोच.

जिल्ह्यांचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग वेगळे. रंग म्हणजे पावसाचा आकडा नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. दोन जिल्ह्यांना एकाच दिवशी नारिंगी असेल तर एकाला कारण वारा असू शकतो, दुसऱ्याला पाऊस. रंगाशेजारची ओळ वाचल्याशिवाय रंगाला अर्थ नाही.

नकाशावरची रेघ आणि शंकू

मार्गाच्या नकाशावर मधोमध एक रेघ असते आणि तिच्याभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू. रेघ म्हणजे वादळाच्या केंद्राची सर्वांत संभवनीय वाट. शंकू म्हणजे केंद्र इकडेतिकडे कुठवर सरकू शकतं, ती हद्द. आपलं गाव शंकूच्या बाहेर आहे म्हणून सुटलो, असं नवा माणूस म्हणतो. शंकू केंद्राचा आहे, वाऱ्या-पावसाचा नव्हे. मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ महाराष्ट्रात किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातून वर सरकत गुजरातेत गेलं. पण जाताजाता सिंधुदुर्गातल्या बागा झोडपल्या, आणि मुंबईत सांताक्रूझला १७ मे रोजी एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस पडला. तीन दिवस आधीच्या अंदाजात केंद्र शंभर-दीडशे किलोमीटर इकडचं तिकडे झालं तर ती अंदाजाची चूक मानू नका. गुहागर ते अलिबाग एवढंच तर अंतर ते.

वारा कुठून येतोय

आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. समुद्रात वादळ पश्चिमेला असेल तर किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येतो. ते उत्तरेला सरकलं की वारा नैर्ऋत्येला, मग पश्चिमेला वळतो. म्हणजे नकाशा न बघताही वादळ कुठवर आलं याचा अदमास अंगणात उभं राहून घेता येतो.

वादळ पूर्वेकडे सरकत किनाऱ्यावर येणार असेल, तर जिथे लागेल त्याच्या दक्षिणेची गावं जास्त धोक्यात. तिथे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत लोटतो. उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणून ‘वादळ अलिबागला लागणार’ ही बातमी मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाने जास्त काळजीने ऐकायची.

ज्यांच्या मोबाइलमध्ये किंवा घरात वायुभारमापक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. हवेचा दाब रोजच वर-खाली होतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. त्यामुळे सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी ताडून घाबरू नका. काल याच वेळी किती होता ते बघा. त्याहून पाचेक मिलिबार उतरला असेल, तर मग खरंच काहीतरी आहे.

पावसाचा आकडा

पत्रकातला ‘मुसळधार’ हाही मोजलेला शब्द आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात, त्यामुळे काल रात्रीचा पाऊस आजच्या तारखेखाली दिसतो. शेजारचा शब्दही सोडू नका. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे भागातल्या पाव केंद्रांपर्यंत, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तुरळक ठिकाणी अतिमुसळधार असं लिहिलं असेल आणि तुमच्याकडे ऊन पडलं, तर अंदाज फसला असं होत नाही. तो शेजारच्या तालुक्यात खरा ठरला असेल.

भरती, म्हणजे निम्मा अंदाज

वाऱ्या-पावसाची चर्चा सगळे करतात, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने सर्वांत आधी पंचांग बघावं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण, म्हणजे भरती सर्वांत मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती बेताची. तेच वादळ भांगात आलं तर पाणी पुळणीवर थांबतं, उधाणात आलं तर रस्त्यावर येतं. कोजागिरी आणि दिवाळीची अमावास्या, दोन्ही याच मोसमात येतात. क्यार ऐन जोरात होतं ते २०१९ च्या दिवाळीत, अमावास्येच्या तोंडावर.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. रोज पाऊण-एक तास पुढे. हा अदमास आहे. जागेनुसार वेळ थोडी मागेपुढे होते, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी भरतीचं छापील कोष्टक हवंच. पाण्याची उंचीही जागेनुसार वेगळी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी. मुंबईचा आकडा वाचून वेंगुर्ल्यात घाबरण्यात अर्थ नाही, पण वेंगुर्ल्यात अर्धा मीटर जास्त पाणी आलं तर ते तिथल्या मानाने खूप आहे हेही विसरायचं नाही.

पत्रकात ‘भरतीच्या वर एक ते दोन मीटर लाट’ असं येतं तेव्हा ती वाढ नेहमीच्या भरतीच्या डोक्यावर मोजायची. जून २०२० च्या ‘निसर्ग’च्या वेळी मुंबई-ठाणे-रायगडसाठी एक ते दोन मीटर आणि रत्नागिरीसाठी अर्धा ते एक मीटर, असा इशारा होता. समुद्रात उसळणाऱ्या लाटा त्याहून वेगळ्या. त्यांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. तिच्या पत्रकातली ‘लाटांची उंची’ ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. तीन मीटरच्या इशाऱ्यात खडकावर फोटो काढत उभं राहणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

लांबच्या वादळाचा फुगारा, म्हणजे त्याने उठवलेल्या लांबलांब लाटा, वादळाआधी एक-दोन दिवस पोहोचतो. आभाळ निळं, वारा नाही, आणि लाटा मात्र सावकाश, लांब अंतराने, जड आवाजाने फुटतात. अशा दिवशी पाण्याला ओढ जास्त असते. पाहुण्यांना गुडघाभर पाण्यातही उतरू देऊ नका.

नदीकाठी घर असेल तर पाऊस आणि भरती एकत्र वाचा. घाटात पडलेलं पाणी खाली येतं तेव्हा खाडीत भरती असेल, तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. चिपळूण, खेड, राजापूरच्या बाजारपेठांतली माणसं म्हणून पावसाइतकंच भरतीचं वेळापत्रक बघतात.

बंदरावरचा बावटा

जवळच्या बंदरावर इशाऱ्याचा कितव्या नंबरचा बावटा लागलाय ते बघा. १ आणि २ नंबर म्हणजे दूर समुद्रात काहीतरी आहे. ३ नंबरचा बावटा म्हणजे या बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, ४ म्हणजे वादळाचा धोका पण अजून टोकाच्या उपायांची वेळ नाही. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, आणि तो सर्वांत वाईट समजा. कोळीवाड्यात तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होड्या खाडीत आत घ्यायला लागले, देवगडसारख्या आडोशाच्या बंदरात परजिल्ह्यातल्या आणि गुजरातच्या होड्यांची गर्दी झाली, की कागदावरचा अंदाज किती गंभीर आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग करायचं काय

पूर्वसूचना आली की भाताचा निर्णय घ्या. कापून पसरलेलं असेल तर मांगरात आणा, उभं असेल तर ओलं व्हायची जोखीम आणि मजुरांची उपलब्धता दोन्ही बघून ठरवा. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पिकाप्रमाणे सांगितलेलं असतं. सतर्कतेच्या टप्प्यावर घराकडे वळा. सुटे पत्रे, कौलं, सोलरच्या टाकीचे बांध, अंगणातल्या खुर्च्या. घरावर झुकलेल्या माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या. टाकी भरून ठेवा, कारण वीज गेली की पंप गेला, आणि ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. रोख पैसे, औषधं, बॅटरीवरचा रेडिओ. प्रत्यक्ष इशारा आला की गाडी झाडाखालून काढा, किनाऱ्याला लागून असाल तर भरतीच्या आधी निघा, भरती सुरू झाल्यावर नव्हे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीसाठी ११२ आणि समुद्रात कुणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, हे तीन आकडे भिंतीवर लिहा. मोबाइल बंद पडल्यावर त्यातले क्रमांक दिसत नाहीत.

वारा अचानक पडला, आभाळ उजळलं, म्हणजे वादळ संपलं असं धरू नका. केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो, आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळं केलेलं छप्पर दुसऱ्याने जातं. पत्रकात ‘किनारा ओलांडला’ असं स्पष्ट आल्यावर आणि तुमच्याकडचा वारा वळून कमी होत गेल्यावरच बाहेर पडा. समुद्र त्यानंतरही एक-दोन दिवस खवळलेलाच असतो. मच्छीमारांसाठीचा इशारा उठेपर्यंत होडी बंदरातच. आणि गुरुवारचा पुढचा अंदाज पुन्हा उघडा: २०१९ मध्ये क्यार अजून समुद्रातच होतं, तेव्हा त्याच्या मागे लक्षद्वीपजवळ ‘महा’ तयार झालं होतं.